ओव्हिलाची खुर्ची

"बिचाऱ्याचा गुडघा सुजून हा एवढा झाला होता," ओरेल म्हणाला, आणि रोझेरचा कॉफीचा कप ओठांपाशीच थांबला.

बिचारा? प्रतिस्पर्धी लाल संघाचा गोलकीपर आणि बिचारा? जिनेटच्या हॉटेलातल्या या टेबलावर त्या गोलकीपरला आजवर नाही नाही ते म्हटलं गेलं होतं. बिचारा कुणी म्हटलं नव्हतं.

दोना आणि क्लोव्हिस मात्र खुशाल माना डोलावत होते. दर शनिवारी सकाळी हे म्हातारे इथे जमायचे आणि गावच्या बीव्हर आइस हॉकी संघाने कप जिंकला त्या फायनलच्या गप्पा मारायचे. संघ कधीच बंद पडला. टेबलाचा नियम मात्र कायम होता: त्या रात्री जो बर्फाच्या रिंकमध्ये सामना बघायला होता, तोच इथे बसणार. गावात विचाराल तो छातीठोकपणे 'मी होतो' म्हणायचा. तेवढे सगळे खरंच आत असते तर छप्पर उडालं असतं. म्हणून माणूस पारखायचं काम रोझेरकडे.

चौथी खुर्ची ओव्हिलाची. तो गेल्या हिवाळ्यात गेला. जिवंत होता तोवर रोझेरचं आणि त्याचं एकाही गोष्टीवर पटलं नाही, आणि आता रोझेरला घरी काय नि इथे काय, वेळ खायला उठायचा. हे दोघे नुसते 'हो ना, हो ना' करणारे. तरी ओव्हिलाच्या जागी कुणीही सोम्यागोम्या बसलेला त्याला खपणार नव्हता. आणि दोनाने परस्पर आणून बसवलेला हा ओरेल, लेकीकडे राहायला आलेला परगावचा माणूस, तिथे ऐसपैस बसून शुगर-पाईचा गोड तुकडा खात होता.

"घड्याळ कधी बंद पडलं, ओरेलभाऊ?" रोझेरने सहज विचारल्यासारखं केलं.

"दुसऱ्या सत्रात. मग एकजण माइकवरून वेळ सांगत होता. सर्दी झालेला."

"बघ!" क्लोव्हिस खूश झाला. "सर्दीचं तर मीही विसरलो होतो!"

सगळं बरोबर. हेच रोझेरला खटकत होतं. माणूस पढवलेल्या साक्षीदारासारखा एकदाही चुकत नव्हता. आणि एकदाही 'आपला संघ' म्हणत नव्हता.

त्याची नजर ओरेलच्या डोक्याकडे गेली. हिरवी लोकरीची टोपी, कपाळावर संघाचा बीव्हर विणलेला, कडा पार विटलेल्या.

"टोपी झकास आहे हो. कधीची?"

"त्याच रात्रीची," ओरेल म्हणाला, आणि लगेच खिसे चाचपत उठला. "आलोच. गाडी जरा गरम करून ठेवतो."

रोझेरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच रात्रीची! थिबोने तिसरा गोल मारला, हॅटट्रिक झाली, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाने डोक्यावरची टोपी बर्फावर भिरकावली होती. फावड्यांनी गोळा कराव्या लागल्या होत्या टोप्या. सगळं गाव कडाक्याच्या थंडीत बोडक्या डोक्याने नाचत घरी गेलं, क्लोव्हिसचा कान तेव्हापासूनच काळा पडलेला. आणि या महाशयांची टोपी शाबूत?

तो कोटाची बटणंही न लावता बाहेर धावला.

"तुम्ही तिथे नव्हता!" त्याने ओरेलला गाडीपाशीच गाठलं. "बीव्हरवाला असतात तर ही टोपी आज डोक्यावर नसती. कुठल्या जुन्या बाजारात घेतलीत? थापाडे कुठले!"

ओरेलने टोपी काढून हातात घेतली. टकलावरून वाफ निघत होती.

"होतो मी. लाल संघाच्या गोलमागे. आमच्या गावाहून बस भरून आलो होतो." तो खाली बघत म्हणाला. "वरून कुणीतरी फेकलेली ही टोपी बर्फापर्यंत पोचलीच नाही. माझ्या मांडीत पडली."

गावातल्या शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावानेच असायच्या; रोझेरने वेदीपासून मेणबत्तीपर्यंत एकेक वस्तू शिवीत ओवली. लालवाला! ओव्हिलाच्या खुर्चीत लालवाला!

"मग इथे कशाला कडमडलात?"

"जाऊ कुठे? आमचा संघ तुमच्याही आधी बुडाला. त्या बसमधलं आता कुणी उरलं नाही." ओरेलचा आवाज चिरकला. "लेक म्हणते, बाबा, पुरे झाली ती हॉकी. तुमच्या टेबलावर दोन तास तरी कुणी ऐकतं. सांगा आत जाऊन हवं तर. मी जातो."

त्याने गाडीचं दार उघडलं. रोझेर वळला, दोन पावलं गेला, आणि चरफडत परत आला. शंकेखोर माणूस तो. आयुष्यभर एक शंका त्याने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, अगदी ओव्हिलाजवळसुद्धा नाही.

"एक सांगा. तुम्ही गोलच्या मागेच होता. थिबोचा तिसरा गोल... स्वच्छ होता ना?"

"कसला स्वच्छ! स्केटने ढकलली त्याने चकती. लाथ मारली सरळ! रेफरी आंधळा होता म्हणून कप मिळाला तुम्हाला."

रोझेरचं तोंड लालबुंद झालं. कानशिलं तापली. इतका चेव त्याला ओव्हिला गेल्यापासून आला नव्हता.

"लाथ? थिबोने लाथ मारली? अरे जा रे लालतोंड्या!" त्याने ओरेलचा दंडच धरला आणि त्याला हॉटेलच्या दाराकडे ओढायला लागला. "चल आत. बस त्या खुर्चीत. आणि हिंमत असेल तर हेच त्या दोघांसमोर बोलून दाखव!"