निळ्या खडूची फुली

वडील गेल्यावर त्यांचा कोट दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. "घराण्याची आठवण आहे, नीट जप," असं बजावून सगळे आपापल्या वाटेनं गेले आणि जपणं धाकट्याच्या गळ्यात पडलं. तोही वडिलांसारखा शिंपीच. दर सोमवारी कुलूप काढायचं, कोटावरून ब्रश फिरवायचा, पुन्हा कुलूप घालायचं. अकरा वर्षं झाली होती. आता त्याला आठवणीचाही शीण यायचा.

या उन्हाळ्यात कोटाच्या खांद्यावर निळ्या खडूची फुली दिसली. खांदा अर्धा इंच आत घे, अशी ती वडिलांची खूण.

वडिलांचा एक नियम होता. कपडा माणसाच्या अंगावर चढल्याशिवाय त्यावर खडू टेकवायचा नाही.

त्यानं फार विचार केला नाही. उभा जन्म त्या खुणांबरहुकूम शिवण्यात गेला होता. खांदा उसवला, आत घेतला. पुढच्या सोमवारी फुली बाहीवर होती, मग कमरेवर. तो मुकाट्यानं दुरुस्त करत गेला.

एके दुपारी बहीण आली. तिनं कोट त्याच्या पाठीला लावून पाहिला. "अरे, बाबांचा कोट तुझ्या मापाचा कसा झाला? घालून बघ."

"नको गं, दमलोय."

"घाल म्हणते ना!"

त्यानं घातला. कुठं एक सुरकुती नव्हती. बहीण समोर उभी राहून दोन्ही हातांनी बटणं लावू लागली.

आणि त्याच्या पाठीवरून, मानेपासून खाली, खडू सावकाश सरकू लागला.