भरले हात

थ्रेशर सुरू करायच्या आधी थ्रेशरवाल्या इंद्रभाननं रुख्मिणीला अडवलं. "वहिनी, बांगड्या काढून ठेवा. एखादी अडकली तं हात आत ओढल्या जाते."

रुख्मिणी थबकलीच. नवरा समोर धडधाकट उभा असताना रिकाम्या हातानं कशी राहणार? "नाही बाप्पा. असं अशुभ नका सांगू मले."

आभाळ भरून आलं होतं आणि सोयाबीनची गंजी तशीच पडली होती. तिचा नवरा गोविंदा हसला. "राहू दे ना बे इंद्रभान, तिच्या बांगड्या. मी लोटतो सोयाबीन."

बायको बाजूला सरली आणि तो मशीनच्या तोंडाशी उभा राहिला. बांगड्यांचा प्रश्न मिटला म्हणून सगळेच निर्धास्त झाले. गोविंदाच्या गळ्यात लोंबणाऱ्या गमछ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. त्याचं टोक सोयाबीनसोबत आत गेलं, आणि मशीन बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं स्मशानातून परतली, तशा गल्लीतल्या बाया दगड घेऊन रुख्मिणीजवळ बसल्या. एकीनं तिचा हात धरला. रुख्मिणीनं तो सोडवून घेतला.

"फोडू नका, मी काढते," ती म्हणाली. "कालच काढा लागत होत्या."