मशीन तसंच आलं होतं

पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा धोक्याचा भोंगा धम्मरत्ननेच बंद केला होता. सारखा वाजतो म्हणून मशीनच्या संगणकातल्या लिनक्सच्या डिफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये त्याने भोंग्यापुढे ‘नो’ लिहिलं, खाली टीप टाकली: ‘तात्पुरतं बंद. धम्मरत्न.’ त्याच प्रेसवर काम करणाऱ्या कोंडीराममामांचा हात त्यात सापडून गेला, तेव्हा टीप पुसून चौकशीत तो म्हणाला, “मशीन तसंच आलं होतं.”

त्यानंतर चाकणच्या त्या कारखान्यात तीन नवी मशिनं आली. तिन्हींत भोंगा बंद, खाली तीच टीप. त्याने गुपचूप पुसली.

आज चौथं आलं. सीलबंद पेटी मामांनीच उरलेल्या हाताने उघडली. त्यांच्या मोकळ्या बाहीकडे न बघता धम्मरत्नने फाइल उघडली. टीप होतीच.

“भोंगा चालू हाय ना रे, धम्मा?”

“हो, मामा.”

मग त्याला टिपेखालची नवी ओळ दिसली: ‘मामांनी विचारलं. हो म्हणालो.’