कठड्यावरचा लेप

बाबांच्या पलंगाच्या कठड्यावर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात जंतूंचे एकशे बारा ठिपके उगवले, तेव्हा धाकट्या लेकीने प्रयोगशाळेतला लेप आणून कठड्याला फासला. "उजेड पडला की हा जंतू मारतो. वहिनी, आता रोज स्पिरिटने पुसून तो घालवू नकोस." वहिनीने ऐकलं. चौथ्या दिवशी बाबांचा ऑपरेशन झालेला डोळा लालबुंद झाला, तशी लेक तडकली, "हात तरी धुतेस ना?" वहिनीने तळवे पुढे केले. "घ्या शास्त्रज्ञबाई, तपासा! धुऊन धुऊन सालं निघालीत." तळव्यांवरून आणि कठड्यावरूनही कापूस फिरवताना नीट दिसेना, म्हणून लेकीने पडद्याला हात घातला. "अगं, राहू दे! पट्टी सुटल्यापासून बंदच ठेवलाय. बाबांना उजेड सोसत नाही." लेकीला मान वर करून वहिनीकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी तिने ठिपके मोजले. तळवे: तीन. कठडा: एकशे अठरा.