ग्राहकाचं नाव

जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस हातात पडली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिथे असताना तिने एका ग्राहकासाठी पुलाचे आराखडे काढले होते. नव्या नोकरीसाठीच्या रेझ्युमेत त्या ग्राहकाचं नाव लिहिलं होतं आणि ते गोपनीय होतं. ‘आठ दिवसांत रेझ्युमे मागे घ्या, नाहीतर कोर्टात भेटू.’ “गप्प बस, कुणाला सांगू नकोस,” नवरा म्हणाला. वकील नणंद म्हणाली, “वहिनी, नाव खोड. काम खोडू नकोस.” मुलाखतीत तिने सुधारलेला रेझ्युमे पुढे केला. मग नोटिशीचं सगळं सांगून टाकलं. समोरच्या बाईंनी खण उघडून त्याच कंपनीचं पत्र काढलं. “इथेही आलंय, तुम्हाला घेतलं तर आम्हालाही कोर्टात खेचू म्हणून. तुम्ही लपवता की सांगता, बघत होते.” ती घाबरून उठायला लागली. “बसा,” बाई म्हणाल्या, “घाबरलेय मीही. पण पूल तर बांधायचेच आहेत.”