दगड परत आला त्या दिवशी

कापड खाली आलं, टाळ्या पडल्या, आणि नेमके तेव्हाच यमुनाने डोळे मिटून घेतले.

कमलाकर तिच्या व्हीलचेअरशेजारी वाकला. "यमुना, बघ तरी. आला तुझा दगड."

गावच्या हॉलमध्ये सगळे त्या उंच, राखाडी दगडाभोवती जमले होते. हजार वर्षांहूनही आधी इथल्या, स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांनी त्यावर एक मासा आणि चंद्रकोर कोरली होती. तेव्हा तो टेकडीवर उभा होता. पुढे कुणा शेतकऱ्याने त्याचा फाटकाचा खांब केला. मग तो चर्चच्या भिंतीत चिणला गेला आणि शेवटी दूर शहरातल्या म्युझियममध्ये जाऊन पडला. यमुना इथल्या शाळेत शिकवायची. दगड गावात परत यावा म्हणून तिने कौन्सिलचे उंबरठे झिजवले.

मग तिला विसरायला होऊ लागलं. आधी शाळेतल्या मुलांची नावं गेली, शेवटी नवरा कमलाकरही तिला ओळखू येईनासा झाला. तो रोज केअर होममध्ये यायचा, आणि ती त्याला तिथलाच कुणी कामावरचा माणूस समजायची. दगडाची वाट पाहणं मात्र सुटलं नाही. कमलाकरला कधीकधी त्या दगडाचा हेवा वाटायचा.

आणि आज ती डोळेच उघडत नव्हती.

"नको," परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीने म्हणाली. "आमचे हे रिगवर आहेत. ते आले की दोघं मिळून बघू. तसं ठरलंय आमचं."

उत्तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवरची नोकरी सोडून कमलाकरला कितीतरी वर्षं झाली होती. त्या काळी तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. ती एकटी काय करत असेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. दोघांनी मिळून दगड बघायचं कधी ठरलं, तेही त्याला आठवेना.

तो उठला. लोकांमधून वाट काढत बाहेर गेला. वारा बोचरा होता. मग वळून त्याने दार ढकललं आणि पूर्वी रिगवरून घरी आल्यावर द्यायचा तशी हाक दिली.

"यमुना, आलो गं."

तिने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. त्याने तो धरला.

"किती उशीर केलात," ती म्हणाली, आणि मग डोळे उघडून तिने दगडाकडे पाहिलं.