पहिलं पितळ

कापसाला सोन्याचा भाव आला आणि हिवरखेडात घरोघरी मडक्यांच्या जागी पितळ आलं. एकट्या राहणाऱ्या कौशल्याबाई मात्र दर महिन्याला तेच एक पातेलं कल्हईला आणत.

"माय, मांगची कल्हई जशीच्या तशी हाये," कल्हईवाला म्हणाला. "याच्यात काई रांधत नाई, मंग कावून करून घेता?"

"हे आमचं पयलं पितळ. कल्हई लागते, हे ठाऊकच नव्हतं. सकाळची आंबट कढी याच्यातच ठेवली. दुपारी धनी अन दोनी पोरं जेवले. दिवस मावळाच्या आत तिघंई गेले."

कल्हईवाल्याचा भाता थांबला. "अन तुमी, माय?"

 

"मी मांगून जेवाले बसली. कढी त्यायले इतकी आवडली, का मले उरलीच नाई."